गेणबाचं पाऊल

आमच्या चांद्यात बांधावरून दोघांचं वाजलं की लोक आधी पोलिसांकडे जात नाहीत, तलाठ्याकडेही जात नाहीत. आधी आमच्या दारात येतात. म्हणजे, येत होते. माझे सासरे गेणबा, मी त्यांना मामा म्हणते, पावलांनी जमीन मोजून द्यायचे. वहाणा काढायच्या, हात पाठीमागे बांधायचे आणि खालमानेनं निघायचं. आकडा ओठांतल्या ओठांत. मध्ये कोणी बोललं की ते मागे येऊन पहिल्यापासून सुरू करत, म्हणून तेवढा वेळ बांधावर सगळे चिडीचूप. त्यांचं एक पाऊल अडीच फूट. चढ असो, चिखल असो, अडीच म्हणजे अडीच. लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं थोतांड वाटलं होतं, पण गाव मानत होतं आणि भांडणं मिटत होती, मग मी कोण बोलणारी?

हे पाऊल टिकवायला मामांना वेगळं काही करावं लागत नव्हतं. उजाडताच ओढ्यापर्यंत एक फेरी, मग भाताच्या खाचरात, जेवायला घरी, परत खाचरात, दिवस कलला की पारावर. दिवसाकाठी स्वतःचं चालणं किती होतं, ते त्यांनी कधी मोजलं नाही.

मग ते कोरोनाचं वर्ष आलं. गावाच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. साठीच्या वरच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा नियम निघाला, आणि आमच्या घरात तो नियम म्हणजे मी. माझे मिस्टर प्रदीप उरवड्याच्या कारखान्यात आहेत. कारखाना सुरू झाल्यावर ते जाऊ लागले, त्यांना मी अडवू शकत नव्हते. म्हणून सगळा जोर मामांवर. एकदा ते गुपचूप ओढ्याकडे निघाले तर मी भर रस्त्यातून दंडाला धरून परत आणलं.

"अगं पोरी, शेतात कोन हाय? नुसतं बगळं हायेत," ते म्हणाले.

मला बगळ्यांचंही काही ऐकायचं नव्हतं.

एवढं करून दुसऱ्या वर्षी, एप्रिलात, आजारानं त्यांना घरात बसल्या जागी गाठलं. कोणी आणला, देव जाणे. तेव्हा ती सहा मिनिटं चालायची परीक्षा निघाली होती. ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, आकडा बघायचा. मामांचा बसून चौऱ्याण्णव आला, चालून नव्वद. अकरा दिवस ते दवाखान्यात होते आणि आमचा जीव टांगणीला. घरी आले तेव्हा हातातल्या कागदावर लिहिलं होतं, 'विश्रांती घ्या. हळूहळू चालणे वाढवा.'

हे दोन्ही एका ओळीत! विश्रांती किती दिवस? हळूहळू म्हणजे किती? फोन केला तर डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढं. आता झेपतंय की नाही हे कळायचं कशावरून? मोबाइलवर एक जण सांगत होता, चालला नाहीत तर रक्ताच्या गुठळ्या होतील. दुसरा सांगत होता, चाललात तर हृदयावर ताण येईल. दोघांच्याही अंगात पांढरा कोट. 

मामांनी त्यांच्या परीनं उत्तर काढलं. दिवसातून दहा वेळा ते बोट त्या चिमट्यात घालत. "बसलं की आकडा वाढतुया, उठलं की घटतुया. मंग चालायचं कशापायी?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा सोयीचं वाटलं. त्या महिन्यात आमच्या आळीतली दोन माणसं गेली होती, त्यातला एक चाळिशीचा. आमचा माणूस ओट्यावर बसलेला दिसतोय, श्वास घेतोय, अजून काय पाहिजे? मी चहा हातात दिला, तांब्या हातात दिला, वहाणा उचलून माळ्यावर ठेवल्या. ओटा ते न्हाणी, न्हाणी ते ओटा. पाऊस झाला, भात कापून झालं, लोकांच्या तोंडावरचे मास्क हनुवटीवर आले आणि मग खिशात गेले. मामा ओट्यावरच. त्यांना कधी उठवायचं हे कोणी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

जानेवारीत भैरू आला. ओढ्याकडून आधी त्याचं खाचर, त्याला लागून पुढे रत्नाबाईंचं. शेजारच्या प्लॉटिंगसाठी आलेल्या जेसीबीनं जाता जाता दोघांमधला बांध सपाट केला होता आणि हद्दीचा दगड कुठे भिरकावला, पत्ता नव्हता.

"तात्या, वढ्याच्या दगडापासनं हद्द एकशेवीस पावलं," भैरू म्हणाला. "आमच्या बापाच्या वक्ताला तुमीच मोजलीया. आता पुन्यांदा मोजा, म्हंजी मी खुटी ठोकतो."

मी नको म्हणाले. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दाढी केली, धुतलेलं धोतर नेसले, टोपी झटकून डोक्याला घातली. इतके खूश मी त्यांना पावणेदोन वर्षांत पाहिले नव्हते. पाण्याची बाटली घेऊन मी मागे निघाले.

ओढ्याच्या दगडाला टाच लावून त्यांनी हात पाठीमागे बांधले. एका बाजूला भैरू, दुसऱ्या बाजूला रत्नाबाई. ही बाई नवरा गेल्यापासून एकटीनं शेत करते आणि वीतभर जागा कोणाला सोडत नाही. मधे विहीर लागते. तिथे मामा किंचित थबकले. ओठ हलले, "चव्वेचाळीस," आणि ते पुढे गेले.

एकशेवीसला उभे राहिले. "हितं."

भैरूनं पुढे बघितलं, मागे बघितलं. "मला जरा आनखी पुढं वाटत हुतं," तो म्हणाला, आणि मग स्वतःच, "पर तुमी म्हणताय म्हंजी हितंच." त्यानं गुडघा टेकून खुटी रोवली.

"भावजींचं पाऊल पडलं, आता कोन काय बोलनार?" रत्नाबाई म्हणाल्या. त्यांना हसू लपवता येत नव्हतं. भैरूच्या शेताचा चांगला रुंद पट्टा त्यांच्याकडे जात होता, आणि भैरू मुकाट्यानं खुटीवर दगड घालत होता.

मामा मात्र मागे वळून विहिरीकडे बघत होते. ते ओढ्यापर्यंत परत गेले आणि पुन्हा निघाले. या खेपेला ढांगा ताणून. विहिरीशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली, त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. मी पळत गेले. "एक्केचाळीस," ते म्हणाले. चेहरा पार गोंधळलेला.

तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. आठ-नऊ महिने ओटा आणि न्हाणी, दुसरं काही नाही. मी बाटलीचं झाकण काढून पाणी पुढे केलं. चार माणसांत सासऱ्याचं पाऊल खोटं आहे, असं कसं म्हणू?

"भैरू, खुटी उपट," मामाच म्हणाले.

"का वो तात्या?"

"हीर चाळीसला येती. तुज्या बापाच्या वक्ताला चाळीसला आली, त्याच्या आदीबी चाळीसला. आज एकदा चव्वेचाळीसला आली, एकदा एक्केचाळीसला. हीर काय जागची उठली न्हाई." त्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. "पाऊल आखडलंय माजं. आज तुज्या रानाला खोट बसली असती. सरकारी मोजनी आना. मला पुन्यांदा बोलवू नगा."

भैरू खुटी हातात धरून उभाच राहिला. रत्नाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, खाली बघत म्हणाल्या, "ऊन लागंल त्यांना, सावलीत बसवा." आणि आपल्या वाटेनं निघून गेल्या.

मला रडू आवरेना. "मामा, हे माझ्यामुळे झालं. मीच तुम्हाला बसवून ठेवलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "तू बसवलं नसतंस तर मी ऱ्हायलो असतो का गेलो असतो, कुनाला ठावं? मला कळंना बग पोरी. आता तूच सांग. चालू का बसू?"

"चाला," मी म्हणाले.

"किती?"

आयुष्यभर गावाला आकडा सांगत आलेला हा माणूस माझ्या उत्तराची वाट बघत उन्हात उभा होता, आणि मला आकडा माहीत नव्हता.