शेपूट धरणारी

दसऱ्याला आमच्या पूजेच्या पाटावर बाबांच्या रिमोटच्या विमानाचं इंजिन असतं. बाबा अमरावतीच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, आणि ही पूजा ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. हळद, कुंकू, अक्षता, सगळं स्वतःच्या हातानं. आईनं फक्त ताट मांडून द्यायचं.

उडवतानाही तेच. भातकुलीच्या आमच्या शेतात सोयाबीन निघालं की मधला पट्टा मोकळा होतो. बाबा पंखा फिरवून इंजिन सुरू करतात आणि विमान आधीच पळू नये म्हणून आई मातीत बसून शेपूट धरते. लग्न झाल्यापासून धरते आहे. तोंडावर धूर आणि तेलाचे शिंतोडे. गेल्याच्या गेल्या वर्षी तिनं पहिल्यांदा काही मागितलं: एकदा रिमोट माझ्या हातात द्या. बाबा म्हणाले, "दसऱ्याले देईन." मग रोज दुपारी ती माझ्या कॉम्प्युटरवर विमान उडवायला शिकली. इंजिन बंद पडलं तर नाक खाली ठेवायचं, हेही शिकली. बाबांनी मला तसंच शिकवलं होतं.

दसऱ्याला बाबांनी विमान वर नेलं. दोन चकरा झाल्या आणि इंजिनाचा आवाज चिरका झाला. आता ते बंद पडणार, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. आईला सगळ्यांच्या आधी. नेमक्या त्याच क्षणी बाबांनी रिमोट तिच्या हातात कोंबला. "घे वो, तुले उडवाचं होतं न!"

तिनं घेतला. इंजिन थांबलं. तिनं नाक खाली केलं आणि विमान मोकळ्या पट्ट्याकडे छान उतरू लागलं.

"ओढ!" बाबा तिच्या कानाशी ओरडले. "मांगं ओढ!"

काडी मागे ओढली की नाक वर जातं; बंद इंजिनावर ओढायचं नसतं, हे तिला माहीत होतं. पण इतकी वर्षं ती त्यांचंच ऐकत आली होती. तिनं ओढलं. विमान हवेत थबकलं, कलंडलं आणि कडेच्या उभ्या तुरीत आपटलं.

"बाईच्या हातात देल्लं का असंच होते," बाबा म्हणाले.

अकोल्याहून आलेले काका खो खो हसले. "वयनी, तुमी तं इमानच पेरलं!"

"पेरलं न, भाऊजी. उगवलं तं सांगजा," आई म्हणाली आणि स्वतःही हसली. मला तिघांचाही राग आला, तिचा सर्वांत जास्त.

मोडलेलं विमान मी उचलून आणलं. इंजिन उघडलं, तर हवा आत घेणाऱ्या तोंडात हळदकुंकवाचा तेलकट चिखल आणि त्यात तांदळाचा एक दाणा. मी ते बाबांसमोर धरलं. त्यांनी दाणा नखानं उडवला आणि बोट धोतराला पुसलं. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं, हिनं विमान पाडलं. आई मान डोलवत सगळ्यांना फराळ देत होती.

रिमोट तिनं पुन्हा मागितला नाही.

गेल्या दसऱ्याला नवं इंजिन पाटावर आलं. बाबांनी खिशातून स्वच्छ फडकं काढलं, इंजिनाच्या तोंडात नीट दाबून बसवलं आणि मगच कुंकवाची चिमूट सोडली. आई ताट धरून शेजारी उभी होती. तिनं ते फडकं पाहिलं.

"चाल," बाबा म्हणाले, "शेपूट धराले."

ती गेली.