हार्टच्या वॉर्डातला पत्त्यांचा कॅट

डॉक्टर माणसाला किस्से सांग म्हटलं की तो आधी "छे, काही आठवत नाही" म्हणतो, आणि एकदा सुरू झाला की जेवलेले हात वाळून कडक होतात तरी पाटावरून उठत नाही. माझंही तेच. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात हाऊस डॉक्टर होते. तेव्हाचे किस्से इतके साठलेत की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आज फक्त निंबर्गीकर सरांच्या पत्त्यांचे सांगते.

निंबर्गीकर सर आमच्या हार्टच्या वॉर्डचे मोठे डॉक्टर. उंच, किडकिडीत, आणि एका जागी बसायचं म्हणजे शिक्षा. राऊंडला ते पुढं आणि आम्ही धापा टाकत मागं!

त्या काळी हार्ट ॲटॅक आला की पेशंटनं तीन आठवडे पलंगावर पडून राहायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं तर नर्सला विचारून. का? तर सगळे तसंच करतात म्हणून. सरांचा एक गिरणीकामगार पेशंट ॲटॅकमधून वाचला, तीन आठवडे मुकाट पडून राहिला, आणि घरी जायच्या दिवशी उठून उभा राहिला तो तिथंच कोसळला. पडून पडून पायात रक्ताची गाठ झाली होती, ती फुप्फुसात गेली. त्याची बायको नवं लुगडं नेसून न्यायला आली होती. सर ते कधी विसरले नाहीत.

परदेशी मासिकांत "लवकर उठवा" म्हणणारे डॉक्टर निघाले होते, "उठवाल तर माराल" म्हणणारेही होते. सर म्हणाले, "भांडत कशाला बसायचं? बघू या की!"

बघायची पद्धत अशी. पहिले तीन दिवस सगळ्यांनी झोपून राहायचं. मग ज्याची छाती शांत, नाडी नीट, त्याला सगळं समजावून विचारायचं. तो हो म्हणाला तर कॅट पिसून एक पत्ता काढायचा. लाल निघाला तर चौथ्या दिवसापासून हळूहळू उठवायचं. काळा निघाला तर तीन आठवडे झोप. पत्ता परत कॅटात.

"पण सर, पत्ते कशाला? आपण ठरवू की कुणाला उठवायचं ते," मी म्हटलं.

"आपण ठरवलं तर धट्टाकट्टा बघून उठवणार, आणि मग तो उठल्यामुळं बरा झाला म्हणून मिरवणार! माझ्या मनावर माझा भरवसा नाही पोरी. जा, कॅट घेऊन ये."

*

कॅट आणायला मी मंगळवार पेठेत गेले. ओळखीचा दुकानदार. पांढरा कोट बघून आधी हसला, मग गंभीर झाला.

"पत्ते कुणासाठी, डॉक्टरीणबाई?"

"पेशंटसाठी."

"अरेरे! दवाखान्याचं इतकं वाईट चाललंय?"

मी तणतणत बाहेर पडले. वॉर्डात कॅट ठेवून संध्याकाळी घरी गेले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. माझे वडील, आमचे अण्णा, दारातच उभे. एक शब्द इकडचा तिकडचा नाही. सरळ विचारलं, "किती हरलीस?"

*

पहिला पेशंट मंद्रूपचे भीमण्णा. म्हातारा खमक्या. सर त्यांच्या उशाशी बसले आणि खरं ते सांगितलं. झोपून राहणं चांगलं की लवकर उठणं चांगलं, मला माहीत नाही. तुमची तयारी असेल तर पत्ता काढून ठरवू. नसेल तर रोजच्यासारखे उपचार करू, राग नाही.

त्या काळात डॉक्टरनं "मला माहीत नाही" म्हणायचं म्हणजे भटजीनं मंत्र विसरलो म्हणण्यातला प्रकार.

भीमण्णांनी सरांकडं बघितलं. सरांच्या हातातल्या कॅटाकडं बघितलं. कॅटाच्या तळाला चौकटचा गुलाम दिसत होता.

"म्हंजी डाक्टर, तुमास्नी म्हाईत न्हाय."

"नाही."

"मला तर न्हायच न्हाय."

"बरोबर."

"आन् त्या गुलामाला समदं म्हाईत हाय व्हय?"

वॉर्ड नुसता खदखदून हसला. सरसुद्धा! मग म्हातारा म्हणाला, "काडा, काडा. खरं बोलनारा डाक्टर पयल्यांदाच बघतुया."

*

काकूंना ही पत्त्यांची भानगड कळली तेव्हा त्या दुपारचा डबा घेऊन आल्या होत्या. काकू म्हणजे सरांची बायको. ठेंगण्या, गोऱ्या, आवाज थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचणारा. व्हरांड्यातल्या बाकावर बसून पेशंटांच्या बायकांशी गप्पा मारायच्या आणि सर जेवले की डबा घेऊन जायच्या. त्या दिवशी मात्र तडक आत.

"अहो, माझ्या घरात पत्ता दिसला तर चुलीत जातो, आणि तुम्ही आजारी माणसांच्या उशाशी डाव मांडलाय?"

"डाव नाही गं, अभ्यास आहे."

"अभ्यास! ॲटॅक आलेल्या माणसाला चौथ्या दिवशी चालवायचा अभ्यास! बाळंतिणीलासुद्धा दहा दिवस उठवत नाहीत आमच्यात. तुम्हाला कधी असं झालं ना, तर दोरीनं पलंगाला बांधून ठेवीन. सांगून ठेवते!"

सर भाकरी मोडत म्हणाले, "माझाही पत्ताच काढायचा."

"शुभ बोला!" काकू ओरडल्या आणि डब्याचं झाकण असं आपटलं की दोन नंबरच्या पेशंटची नाडी वाढली. मीच मोजली ना!

*

एकदा एका साखर कारखान्याचे चेअरमन ॲडमिट झाले. त्यांना समजावलं, त्यांनी ऐटीत हो म्हटलं. "आपलं नशीब लालच हो!" पत्ता काढला तर काळा.

चेअरमन पडल्या पडल्या गरजले, "परत काढा!"

"परत नाही काढता येत," सर म्हणाले.

"माझी जनरल बॉडीची मीटिंग आहे! तीन आठवडे झोपलो तर खुर्ची राहील का? नीट पिसले नव्हते तुम्ही. परत काढा."

सरांनी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. "साहेब, तुम्हाला यातून बाहेर पडायचं तर आत्ता पडा, आमची ना नाही. पण ही तुमची निवडणूक नव्हे. इथं फेरमतमोजणी नाही!"

आणि खरं सांगते, चेअरमन तीन आठवडे शहाण्यासारखे झोपले. खुर्ची गेली नाही. उलट सहानुभूतीवर आणखी घट्ट झाली.

*

रसूलभाई ट्रकड्रायव्हर. त्यांचाही पत्ता काळा. पण पलंगावर टिकतील तर ते रसूलभाई कसले! एका सकाळी राऊंडला गेलो तर पलंग रिकामा, चादरीखाली दोन उशा. तेवढ्यात फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावरून स्वारी मिशा पुसत आली.

माझं टाळकंच सरकलं. "रसूलभाई! झोपून राहायचं कबूल केलं होतं ना?"

"मैं तो पलंगपेच हूँ डाक्टरनीसाब," रसूलभाई गरीब चेहरा करून म्हणाले, "पावाँ जरा चा पीने कू गये थे."

मी रागानं सरांना म्हटलं, "यांना लालमध्ये टाका. नाहीतरी चालतातच आहेत!"

"खबरदार!" सर एकदम कडक झाले. "ज्याचा काळा निघाला तो काळ्यातच मोजायचा. आपल्या सोयीनं माणसं इकडची तिकडं केली तर मग पत्ते तरी कशाला काढायचे? वहीत खरं लिही. लिही, काळा निघाला. पेशंटनं ऐकलं नाही."

काकू डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या रसूलभाईंकडं बघून हसल्या. पत्त्यांचं खातं सुरू झाल्यापासून त्यांना हसताना मी प्रथमच बघितलं.

*

आणि लाल निघालेल्यांची वेगळीच तऱ्हा. एका विणकराला चौथ्या दिवशी उठवायला गेले तर त्याची सासू पलंगाच्या कडेला ठाण मांडून. त्याचं हो होतं, बायकोचं हो होतं, सासूला कुणी विचारलंच नव्हतं! मी जावयाचा दंड धरला तशी ती तेलुगूत बोलायला लागली. मला तेलुगूचं अक्षर कळत नव्हतं. पण हातातली चप्पल स्वच्छ मराठीत बोलत होती.

मी मागं सरले. शेवटी काकू बाकावरून उठून आल्या, म्हातारीशेजारी बसल्या. काय बोलल्या देव जाणे, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. थोड्या वेळानं म्हातारी आपणहून उठली आणि तिनंच जावयाला दुसऱ्या बाजूनं धरलं.

परत जाताना काकूंनी मला हळूच विचारलं, "काय गं, तुमच्या त्या लालवाल्यांचं कसं आहे? यांना विचारलं तर सांगत नाहीत."

"सगळं होईपर्यंत मोजायचं नाही असा सरांचा नियम आहे काकू. मलाही माहीत नाही."

"असू दे," काकू म्हणाल्या. "मी दारातच बसते. कोण कसं घरी जातं ते बघते."

*

आणि मग ती सकाळ. सर राऊंड घेत होते. बोलता बोलता थांबले, भिंतीला टेकले, कपाळावर घाम. "पोरी, ईसीजी काढ," म्हणाले आणि खाली बसले. एका जागी बसलेले सर बघितले आणि पट्टीवर काय येणार ते मला आधीच कळलं.

पहिले तीन दिवस आम्ही कुणी नीट जेवलो नाही. काकू बाकावरून हलल्या नाहीत. रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. काकू बोलत नाहीत म्हटल्यावर सगळं हॉस्पिटल घाबरलं!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छाती शांत झाली, नाडी जाग्यावर आली. सरांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय? "कॅट आण."

"सर, तुमचं राहू दे ना," मी म्हटलं. मला रडूच फुटलं. "अभ्यास तुमचा. तुम्हाला सोडून मोजू."

"भीमण्णाला चालतो तो पत्ता मला का चालत नाही? माझा जीव काय सोन्याचा आहे?"

मी कॅट आणला. पिसताना दोनदा पत्ते सांडले. काळा निघाला तर या माणसाचं तीन आठवडे पडून काय होईल, लाल निघाला आणि चालताना काही झालं तर मी काय करीन, काही सुचेना. तेवढ्यात काकू आत आल्या. हात पुढं केला.

"दे इकडं. मी काढते."

पत्त्याला कधी न शिवलेल्या काकूंनी मधूनच एक पत्ता ओढला. आपल्याकडं तोंड करून धरला. बराच वेळ बघितला. एकदा सरांकडं बघितलं. मग पत्ता कनवटीला खोचून टाकला.

"लाल," त्या म्हणाल्या. "उद्या उठवा."

सर उशीवर पडल्या पडल्या हसले. "आता दोरी कुठाय?"

"गप पडा!" काकू म्हणाल्या.

मी वहीत "लाल" लिहिलं. काकूंकडं पत्ता परत मागायची माझी काय टाप! उरलेला कॅट तसाच ड्रॉवरमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सरांना काकूंनीच धरून बसवलं. पुढच्या दिवसांत खुर्चीपर्यंत, दारापर्यंत, मग व्हरांड्यातल्या त्या बाकापर्यंत. त्यांच्या दंडाखाली काकूंचा हात, आणि आवाज तोच. "पाय उचला! गिरणीचा भोंगा व्हायच्या आत पोचायचंय!"

सर बरे झाले. घरी जायच्या दिवशी ते पायऱ्या उतरून पुढं गेले आणि काकू माझ्या टेबलापाशी थांबल्या. कनवटीचा पत्ता काढून समोर ठेवला. घामानं मऊ पडला होता.

"हा घे. तुमचा कॅट अपुरा नको."

इस्पिकची राणी!

"काकू, हा तर काळा!"

"दिसतंय की. डोळे आहेत मला."

"अहो, मी वहीत लाल लिहिलंय! आता काय लिहू?"

बाहेर टांगा यायच्या आधीच सर फाटकाकडं चालत निघाले होते. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं, पदर खोचला, पिशवी उचलली.

"खोड ते. लिही, काळा निघाला. पेशंटच्या बायकोनं ऐकलं नाही."