धनवंताबाईंची अर्धी कादंबरी

गोंदियाकडच्या कामठ्याच्या धनवंताबाई रहांगडाले कादंबरी लिहीत आहेत हे गावाला कळलं, तेव्हा कोणी फारसं हसलंही नाही. कादंबरी म्हणजे काय हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं. मास्तराची पोरगी, बापाच्या शाळेत मुलांच्या मागे बसून शिकलेली, तिला असा काहीतरी नाद असणारच, असं धरून लोक आपापल्या कामाला लागले. नवरा डोमनलाल धानाची शेती करायचा. दुपारची जेवणं आटोपली की बाई ओसरीवर पाट पुढे ओढून लिहायला बसत. तो बैलांना पाणी दाखवून आला की विचारी, "कुठवर आली तुजी भागरता?"

भागरता ही त्या कादंबरीतली बाई. नवऱ्याने दुसरी करून आणली आणि हिला घराबाहेर काढलं. ती माहेरी गेली नाही. बाघ नदीच्या घाटावर एका म्हाताऱ्या नावाडी ढिवराकडे राहून डोंगा चालवायला शिकली आणि माणसं पार उतरवू लागली. इथवर सगळं झरझर कागदावर आलं होतं. मग एका पुराच्या दिवशी तोच नवरा घाटावर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, घरी चल. तिथे बाईंची लेखणी अडली. भागरता काय करील ते त्यांना उमगेना. रोवणी झाली, निंदण झालं, धान लोंबीवर आलं, तरी नवरा आपला घाटावर उभाच.

सन छत्तीसची दिवाळी उलटली आणि भैयाजी कामठ्याला आला. नागपूरच्या एका प्रकाशकाचा हा एजंट. शाळेच्या पुस्तकांची पेटी घेऊन गोंदियाला आगगाडीतून उतरायचा, तिथून बैलगाडीने गावोगाव फिरायचा, आणि कोणाकडे छापण्याजोगं लिखाण दिसलं तर मालकापर्यंत पोचवायचा. बाईंनी त्याला निरोप धाडला.

"पुरी तं होऊ दे," डोमनलाल म्हणाला. "अर्धं विनलेलं लुगडं कोनी बाजारात नेते का?"

"मले पाहाचं आहे, कोनाले ते पायजे का नाही. कोनी वाट पाहून राहिलं आहे असं समजलं, तं हात चालन."

भैयाजी ओसरीवर बसून वाचू लागला. चहा आला तसा थंड झाला. निम्मं बाड वाचून त्याने मागची पानं चाळली.

"बाई, शेवट कुठं आहे?"

"व्हायचा आहे."

"मालक अपुरं काही घेत नाहीत." तो जरा घुटमळला. "पण हे मी नेतो. तुम्ही शेवट मागाहून पाठवा." त्याने पिशवीतून छापील करारनामा काढला. बाईंनी सही केली.

कोणीतरी वाट पाहत आहे हे आता कळलं होतं, तरी हात काही चालेना. कापणी आली, मळणी आली. संक्रांतीच्या सुमाराला भैयाजी पुन्हा दारात उभा राहिला. या खेपेला हातात एका बाजूने छापलेल्या कच्च्या कागदांची गुंडाळी होती.

पहिल्या पानावर आपलं नाव छापलेलं पाहून बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. मग वाचू लागल्या. भागरता 'कायले' म्हणायची, तिथे 'कशासाठी' झालं होतं. ढिवर म्हातारा पुण्याच्या वकिलासारखा बोलत होता. शेवटी एक नवंच प्रकरण होतं. त्यात भागरता डोंगा सोडून धावत येते, नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि म्हणते, "नाथ, ही दासी अपराधी आहे."

"हे कोनं लिहिलं?"

"मालकांकडे एक लेखक असतात. कथा मालकांना फार आवडली, थांबवेना. म्हणून त्यांच्याकडून पुरी करून घेतली." भैयाजी घाईने म्हणाला, "नाव तुमचंच राहील, बाई. त्यात काही फरक नाही."

"तेच तं वाईट आहे," बाई म्हणाल्या आणि गुंडाळी बांधून आत ठेवून आल्या.

दुसऱ्याच दिवशी ती गुंडाळी घेऊन नवराबायको गोंदियाहून नागपूरच्या गाडीत बसले. डोमनलालला पुस्तकातलं फार कळत नव्हतं. पण बायको रात्रभर जागी होती, हे त्याला कळलं होतं.

मालक गादीवर बसले होते. त्यांनी आदराने बसायला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि करारनामा पुढे सरकवला.

"सही तुमचीच ना, बाई? यात स्वच्छ लिहिलंय. संपूर्ण कादंबरी आम्हाला दिली."

"संपूर्ण तवा होती कुठं? नवरा घाटावरच उभा होता. जे माज्यापाशीच नव्हतं, ते मी तुमाले कसं दिलं?"

"म्हणून तर आम्ही ती पूर्ण केली."

"मंग ती तुमची झाली. तिच्यावर तुमच्या लेखकाचं नाव घाला, आन माजी भागरता मले वापस द्या."

मालक हसले. "बाई, वाचकांना काय लागतं ते आम्हाला कळतं. नवऱ्याला झिडकारणाऱ्या बाईचं पुस्तक घरात ठेवील कोण?"

"मी अजून झिडकारलं कुठं? तुमीच भेऊन गेले."

मालकांचं हसू मावळलं. "हे बाड तुम्ही परत नेलंत, तर नागपुरात दुसरं कोणी छापणार नाही. तेवढं मी बघेन."

"नागपूर नाही तं नाही."

त्या उठल्या आणि दुकानाच्या उंबरठ्यापाशी जाऊन बसल्या. डोमनलाल शेजारी पटका सावरून बसला. शाळेची पुस्तकं घ्यायला मास्तर लोक येत होते. बाई वाटेत का बसल्या आहेत, असं जो विचारी त्याला त्या साध्या आवाजात सारी हकीकत सांगत. भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. तिसऱ्या-चौथ्या मास्तराने पुस्तकं न घेताच पाठ फिरवली, तसा आत काहीतरी बोलाचालीचा आवाज झाला. थोड्या वेळाने भैयाजी त्यांचं हस्तलिखित आणि फाडलेला करारनामा घेऊन बाहेर आला.

"मला वाटलं, तुमचं भलंच होईल," तो खाली पाहत म्हणाला.

"ते पायावर डोकं ठेवलेलं पान तुमी वाचलं होतं ना?"

भैयाजीने हातातलं बाड त्यांच्यापुढे ठेवलं आणि तो आत वळला.

परतीच्या गाडीत बाईंनी छापील कागदांच्या कोऱ्या पाठी वर केल्या आणि शिसपेन्सिलीने लिहायला घेतलं. इतके महिने अडलेलं ते प्रकरण तुमसर येईपर्यंत अर्धं झालं होतं. गोंदियाला उतरण्याआधी त्यांनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. भागरता त्याला डोंग्यात बसवते. त्याला वाटतं, आली आपल्यासोबत. ती भर पुरातून त्याला नीट पलीकडे नेते, त्याच्या गावच्या काठावर उतरवते, आणि तिथे थांबलेली दुसरी माणसं घेऊन डोंगा वळवते.

"काहीच नाही बोलली त्याले?" डोमनलालने विचारलं.

"काय बोलाचं राहिलं होतं?"

"मले वाटत होतं, भागरता जाईन घरी," तो म्हणाला. "पन बुडवलं नाही त्याले, हे बरं केलं."

गोंदियात तेव्हा मुन्नालालचा छापखाना बिडीची लेबलं छापायचा. बाई तिथे गेल्या तेव्हा तो चक्रावलाच.

"बाई, मैं लेबल छापता हूँ, शादी के कार्ड छापता हूँ. किताब तो कभी नहीं छापी."

"मंग आता छापा."

त्याने पानं उलटीपालटी केली. "और ये ळ? मेरे पास हिंदी का टाइप है. उसमें ळ है ही नहीं."

"माज्या गावात ळ कोनी बोलतच नाही. डोळ्याले आमी डोराच म्हनतो. लोकाइच्या बोलन्यात तो लागनार नाही. बाकी जागी ल घाला."

मुन्नालालला हे पटलं की बाईंपुढे त्याचं काही चाललं नाही, कोण जाणे. लेबलांच्या कामातून सवड मिळेल तसतशी चार-चार पानं छापून वर्षभरात पुस्तक झालं. वेष्टनाला लेबलांचाच उरलेला गुलाबी कागद होता. आत 'काल', 'वेल', 'फल' असं जागोजागी होतं, आणि शिकलेली माणसं पुढे त्यावरून नाक मुरडत. बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

महाशिवरात्रीला नागऱ्याच्या देवळापाशी जत्रा भरते. बांगड्यांच्या आणि लाह्यांच्या दुकानांमध्ये बाईंनी घोंगडी अंथरून पुस्तकं मांडली. दुपारी जातीतले मोठे मानले जाणारे केशोराव बिसेन दोघातिघांना घेऊन आले. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण शेवट ऐकला होता.

"डोमनलाल, हे उचल," ते म्हणाले. "आपल्या पोरी फिरून राहिल्या इथं. काय शिकतीन?"

डोमनलाल उभा राहिला. "पुस्तक तिचं आहे, भाऊ. तिलेच इचारा."

केशोराव बाईंकडे वळले. "धनवंता, तो शेवट काढून टाक. बाकी राहू दे."

"शेवट काढला तं ते पुन्हा अर्धंच राहीन," बाई म्हणाल्या. "अर्ध्या पुस्तकाचं काय होते, ते मी पाहून आली. तुमी आयकलं कोनाकडून? मीच वाचून दाखवतो, बसा."

केशोराव बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. बाईंनी शेवटचं प्रकरण उघडलं आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. बांगड्या भरायला आलेल्या बाया थांबल्या. लाह्यावालीने सूप खाली ठेवलं. डोंगा पुरात शिरला तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, "जरा मोठ्यानं," आणि बाईंनी आवाज चढवला. नवरा काठावर उतरला, डोंगा वळला, आणि वाचन संपलं. केशोराव सोबतच्यांना घेऊन देवळाकडे निघून गेले.

"मंग तो नवरा काय करते?" एका म्हातारीने विचारलं.

"ते त्याचं तो पाहीन," बाई म्हणाल्या, आणि पुढे आलेल्या हातात त्यांनी गुलाबी वेष्टनाचं एक पुस्तक दिलं.