एक नंबरचा फुगा

डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. हसा, हसा! मी त्यातल्याच एकात तपासणीला आहे. फुगा ताणायचा, उजेडात धरायचा, पातळ दिसला की बाजूला टाकायचा. माझ्या हातून पास झालेला फुगा सहजासहजी फुटणार नाही, पैज लावा.

यंदा तलासरीला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं. आमची पोरगी आठवीत. घरात नुसती टकळी चालू, पण परक्या माणसासमोर दातखीळ बसते. पुढच्या फेरीसाठी निवड व्हावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. विषय घेतला होता श्वेत बटू ताऱ्याचा. म्हणजे जळण संपलेला लहानसा तारा. शेजारच्या ताऱ्याचा माल तो ओढत बसतो आणि पेलेनासं झालं की फुटतो. त्या भडक्यात लोखंड, निकेल, मँगनीज तयार होतं म्हणे.

"पप्पा, फुगा रिजेक्टमधला आणा हं. पटकन फुटला पाहिजे."

रिजेक्ट? माझ्या पोरीच्या टेबलावर? छे! मी गुपचूप एक नंबरचा आणला. तिने त्यात लाल रांगोळी भरली. ते लोखंड.

परीक्षक सर आले. पोरगी पंप मारायला लागली. फुगा कलिंगडाएवढा झाला, तरी फुटेना. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की कुठे तोंड लपवू असं झालं मला. सर पुढच्या टेबलाकडे वळले होते.

"खरा तारा असा फुगतो का गं?" जाता जाता त्यांनी विचारलं.

मी डोळेच मिटले. आता बसणार दातखीळ!

"नाही सर, उलट आकसतो." तिचा पंप चालूच. "वजन वाढलं की आतल्या आत दाबला जातो, तापतो आणि आतल्या कार्बनचा भडका उडतो. त्यातून निकेल होतं, निकेलचं पुढे लोखंड. तुमच्या रक्तातलं बरंचसं लोखंड अशाच..."

फाट्!

सरांच्या पांढऱ्या मिशा लालभडक. सगळे खो खो हसले, सरसुद्धा. आणि फुगा फुटला की जन्मभर शिव्या घालणारा मी, चक्क टाळ्या पिटत होतो.

मिशा पुसत सर म्हणाले, "पुढच्या फेरीची तयारी कर." माझे डोळेच भरून आले. पण सवय कुठे जाते? खाली वाकलो, रबराचे तुकडे गोळा केले आणि कुठे पातळ राहिला होता ते उजेडात धरून बघायला लागलो.

"राहू द्या ना पप्पा," पोरगी म्हणाली. "फुटला म्हणून तर लोखंड झालं."