गच्चीवर वाजलेलं ताट

ताट माझ्या मांडीवर होतं. त्यात तांदूळ होते, मी खडे वेचत होते. आणि तेच ताट वर गच्चीवर वाजत होतं.

दुसरं कुठलं तरी असेल म्हणाल. नाही. माझ्या त्या पितळी ताटाला काठाशी चीर गेली होती. वाजवलं की आवाज शेवटाला थरथरायचा. वरचाही तसाच थरथरत होता. माझी सून शोभा, पोटुशी, पोट चांगलं वर आलेलं, आतल्या खोलीतून "आले आई!" म्हणाली आणि जिना चढायला लागली.

मी ओरडले, "शोभा, थांब!"

ती थांबली नाही. माझ्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आमचं दोघींचंच ठरलं होतं.

आता पहिल्यापासून सांगते. भूत, करणी, नजर असलं मी काही मानत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण उतारे टाकायला सांगणाऱ्या बाईला मी दारातूनच परत पाठवलेलं आहे. तरी हे घडलं, म्हणून लिहिते.

आमचं घर हैदराबादला, नल्लकुंट्यात. खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि आतूनच गच्चीवर जाणारा जिना. तेव्हा बाहेरच्या कंपन्या येऊन शहर नुसतं उसळलं होतं. गल्लीतले बंगले पाडून अपार्टमेंट उठत होते. आमच्या भिंतीला लागूनच बिल्डरने खोल खड्डा खणला होता. मशीन चाललं की माझ्या फळीवरची भांडी हलायची. मुलगा प्रकाश कंपनीच्या कामाने अमेरिकेत. घरात मी आणि शोभा. तिचं पहिलं मूल पोटात असतानाच, अर्ध्यात गेलं होतं. म्हणून ह्या खेपेला मी तिला जिन्याची एक पायरी चढू देत नव्हते. कपडे वाळत घालायला गुडघे धरून मीच वर जायची.

शोभा घरून काम करायची. अमेरिकेतले डॉक्टर पेशंटबद्दल बोलतात, तो आवाज इकडे येतो, ही कानाला हेडफोन लावून ऐकते आणि टाइप करते. कंपनीने त्यासाठी लॅपटॉप दिला होता. तो लॅपटॉप भरायला लागला.

"आई, ह्याच्यात जागाच राहत नाही. कामाच्या फाइली उतरत नाहीत."

"मग काढून टाक की काहीतरी. एवढ्याशा डब्यात किती कोंबतेस?"

तिने गाणी काढली. लग्नाचे फोटो सीडीवर टाकले. त्यात कचऱ्याचा डबाही असतो म्हणे, तो रिकामा केला. सकाळी जागा झाली की दुपारी पुन्हा भरलेला. कंपनीतला पोरगा फोनवर म्हणाला, व्हायरस असेल. त्याने सांगितलं ते सगळं केलं... फरक नाही.

मग ती शोधत बसली, एवढी जागा खातंय कोण. आवाजाच्या फाइली निघाल्या. डॉक्टरचं नाव नाही, पेशंटचा नंबर नाही. एक लावून ऐकली आणि तशीच उठून माझ्याकडे आली. तोंड पांढरं फटक. हेडफोन माझ्या कानाला लावला.

बराच वेळ नुसती खरखर. मग माझा आवाज.

"शोभा... वर ये गं."

पुन्हा खरखर. पुन्हा तेच. "वर ये गं."

मी म्हटलं, "कधी भरून घेतलंस हे?"

"मी कशाला भरून घेऊ? आणि तुम्ही मला वर बोलावलंय कधी? मी जिन्याकडे नुसतं बघितलं तरी ओरडता."

खरं होतं ते. मी कधीच बोलावलं नव्हतं.

तिने सगळ्या फाइली पुसल्या. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुन्हा गच्च. फाइली तशाच, फक्त जास्त लांब.

त्यानंतर माझ्या आवाजाला पोर दचकायला लागली. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की लगेच यायची नाही. दारात उभी राहून आधी माझं तोंड हलतंय का बघायची. मला राग यायचा. शेजारच्या लक्ष्मम्माने ऐकलं तर म्हणाली, "अम्मा, पहिल्या हाकेला ओ देऊच नये. तसली एकदाच हाक मारतात."

"तुझ्या घरात तुझ्या सुनेने तिसऱ्या हाकेला तरी ओ दिलीय का कधी?" मी म्हटलं. शोभा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पण माझंही हसू फार टिकलं नाही. बाळासाठी जुनी मऊ लुगडी घरात होतीच, झबल्यांचं कापड आणायला मी सुलतान बाजारला गेले. परत येऊन बघते तर शोभा जिन्याच्या खालच्या पायरीवर, दोन्ही हातांनी कठडा धरून बसलेली.

"तुम्ही वरून हाक मारलीत," ती म्हणाली.

"मी बाजारातून येतेय. पिशवी दिसत नाही हातात?"

"लॅपटॉप बंद आहे, आई. मी तो बंद करूनच झोपले होते. आवाज वरून आला."

तेव्हा मी भ्याले. पाणी पिऊन बसले. पुढे काय करायचं ते मीच ठरवलं. "आजपासून मी तुला हाक मारणार नाही. हाक आली तर ती माझी नाही असं समज, कितीही ओरडली तरी. मी पडले, झडले, काही लागलं तर ताट वाजवीन. ताट वाजलं तरच यायचं."

"त्याने ताटही वाजवलं तर?"

"माझा गळा येत असेल मेल्याला. माझ्या माहेरचं ताट कुठून आणेल?"

काही दिवस बरे गेले. मग तो दिवस उजाडला. भरदुपार. सकाळीच तिने लॅपटॉप साफ केला होता, आणि तो पुन्हा भरला होता. ती तो मिटून पडली होती. मी कपडे काढायला वर गेले असेन आणि पडले असेन, असं तिला वाटलं. म्हणून ताट ऐकून ती धावली.

मी ओरडत होते आणि माझं प्रत्येक ओरडणं तिला वर ढकलत होतं. शिकवणूक माझीच. उठायचं तर गुडघे साथ देईनात. तांदूळ मोजायचं मापटं बाजूला होतं, ते उचललं आणि मांडीवरच्या ताटावर हाणलं. तांदूळ उडाले. पुन्हा हाणलं.

वर ताट वाजत होतं, खाली वाजत होतं. ती अर्ध्या जिन्यात थांबली. एकदा वर बघितलं, एकदा खाली. तिथून मी तिला दिसत नव्हते, तिचे पाय मला दिसत होते. एक पाय वरच्या पायरीवर होता. मी हाणत राहिले. तोंडाने एक शब्द काढला नाही.

पाय खाली आला. मग दुसरा. भिंत धरून ती उतरली आणि माझ्यासमोर येऊन खालीच बसली.

तेवढ्यात गच्चीचा बांधकामाकडचा कोपरा कोसळला. पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, कठडा, सगळं शेजारच्या खड्ड्यात. जिन्यातून धुरळा खाली आला. वरचं ताट बंद झालं.

मी नंतर विचारलं, "कसं कळलं गं तुला?"

"वरचं खणखणीत वाजत होतं. तुमचं बद्द, भरल्या ताटासारखं. सकाळी तुम्ही तांदूळ काढून ठेवलेले मी बघितले होते."

दिवसभर कानाने काम करणारी पोर ती.

गच्ची का पडली ते मला कळतं. खणताना भिंतीखालची माती सुटली. बिल्डरचे लोक आले, हात जोडले, पुन्हा बांधून दिली. पण वर कोण होतं ते कोणी सांगत नाही. ढिगाऱ्यात ताट सापडलं नाही. कंपनीचा माणूस लॅपटॉप न्यायला आला, उघडून बघितला आणि म्हणाला, "अम्मा, ये तो आधे से ज्यादा खाली पडा है. कायकू परेशान होरे थे?" आवाजाची एक फाइल त्याला दिसली नाही. शोभाने ऐकली होती, मी ऐकली होती. ह्यापुढे मला काही माहीत नाही.

ताट अजून वापरात आहे. त्या दुपारी घरात मी होते, शोभा होती आणि तिच्या पोटात माझी नात होती. तिघीही जिवंत आहोत.