शेवटच्या पानावरचे तीन प्रश्न

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण निवृत्त झाल्यावर दुपारी जरा डोळा लागला की जे प्रकरण समोर येऊन उभं राहतं, त्यात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं. नावं मी कुणाचीच देणार नाही. काही माणसं फार मोठी आहेत, आणि उरलेल्यांची नावं आधीच नको तितक्या कागदांवर चढली आहेत.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. विक्रोळी आणि घाटकोपरच्या मधल्या डोंगरावरची वस्ती आमच्या हद्दीत येत असे. निवडणूक दोन-तीन महिन्यांवर आली होती आणि बंदोबस्ताच्या याद्या करता करता आमचा जीव मेटाकुटीला आला होता. अशातच एका दुपारी ठाणे अंमलदार केबिनमध्ये आले. म्हणाले, "साहेब, एक म्हातारी तासभर बसलीय. एनसी, नुसती अदखलपात्र नोंद नको म्हणते, साहेबांशीच बोलायचंय म्हणते."

बाई साठी ओलांडलेली, मूळची सिंधुदुर्गाकडची. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. हातातला साधा मोबाइल तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"सायबानु, माजो झील जिवंत आसा," ती म्हणाली. "तेचो फोन येता."

तिचा मुलगा बारा वर्षांपूर्वी कामावर म्हणून गेला तो परतलाच नव्हता. मिसिंगची नोंद आमच्याच ठाण्यात होती. मी फाइल मागवली. शेवटच्या चार वर्षांत तिच्यात 'शोध सुरू आहे' यापलीकडे एक अक्षर नव्हतं. मला लाज वाटली, पण ती चेहऱ्यावर दिसू दिली नाही.

फोन रोज दुपारी तीनच्या सुमारास येत असे. तरुण पुरुषाचा आवाज. तो एवढंच म्हणे, "वयनी, पाणी आलं का?" मग थोडा वेळ थांबे, आणि फोन बंद होई.

वयनी म्हणजे वहिनी. एका खोलीत तीन भावांचा संसार, दीर तिला वयनी म्हणत, म्हणून पोरगाही लहानपणापासून आईला वयनीच म्हणायचा. आपल्याकडे अशी कितीतरी घरं आहेत. पण ते दीर आता हयात नव्हते, आणि डोंगरावर सगळे तिला मावशी म्हणत. तिला त्या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस होता. तो नाक्यावरच्या एका कारखान्यात कामाला होता आणि रोज तिथून फोन करून विचारायचा, पाणी आलं का. तेव्हा डोंगरावर तीन वाजता पाणी यायचं.

"आता नळाक दिवसभर पाणी आसता," ती म्हणाली. "ह्या तेका कसा कळतला? तो बारा वर्षां बाहेर आसा."

थट्टा करणाऱ्याला जे जुनं सुचणार नाही, नेमकं तेच तो आवाज विचारत होता.

बाईचं खरं संकट मला तिच्या शेजारणीकडून कळलं. ती तिला सोबत म्हणून आली होती आणि बाहेर उभी होती. मूळची जालन्याकडची, पस्तिशीची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "साहेब, मावशीच्या छातीत गाठ आहे. पालिकेच्या हॉस्पिटलात कितीतरी खेपा मारून ऑपरेशनची तारीख मिळालीय, येत्या सोमवारची. आणि ही आता जात नाही म्हणते. तिकडे फोन काढून घेतात म्हणे. सांगा ना तिला काहीतरी!"

मी बाईंना विचारलं. त्यांनी मान खाली घातली. "तो हाक मारीत आणि मी ओ देऊक नसान? तसा नाय जमाचा."

म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते.

आम्ही नंबर तपासले. प्रत्येक फोन वेगळ्या नंबरावरून आला होता आणि उलट फोन केला की तो नंबर अस्तित्वात नसल्याचं कळायचं. दुसऱ्या दिवशी मी आणि आमचे एक जुने हवालदार साध्या कपड्यांत डोंगरावर गेलो, तेव्हा कळलं की असे फोन त्या सबंध गल्लीत येत होते. प्रत्येक घरात बाईला तिच्या घरातल्या नावाने हाक, आणि घरातलं माणूस रोज विचारतं तोच प्रश्न. एकीला मेलेल्या आईने मारावी तशी हाक आली होती. कुणी भुताटकी म्हणत होतं, कुणी चार्जरला लिंबू-मिरची बांधली होती. हवालदार माझ्या कानात म्हणाले, "साहेब, भुताला रिचार्ज कोण मारतं?" एरवी मी हसलो असतो.

सगळ्यात विचित्र होती ती गल्लीतली शांतता. भीतीने बायकांनी एकमेकींना आणि पोरांना लाडक्या नावाने हाक मारणंच सोडलं होतं. सोनू, छकुली, बबड्या असल्या हाका तिथे ऐकू येईनाशा झाल्या होत्या. आया पोरांना शाळेच्या हजेरीपटावर असतं तसं पूर्ण नाव घेऊन बोलवत होत्या, तेही हळू आवाजात.

तीन वाजून दहा मिनिटांनी पहिल्या घरातला फोन वाजला आणि बंद झाला. मग दुसऱ्या घरातला, मग तिसऱ्या. जणू न दिसणारं कुणी एकेक दार ठोठावत चढ चढून आमच्याकडे येत होतं. उजवी बाजू संपली, आणि वाजणं डाव्या बाजूने खाली उतरू लागलं. मधलं एकच घर गप्प राहिलं. तिथले भाडेकरू महिन्यापूर्वीच राहायला आले होते.

तिथेच मला धागा सापडला. फोन कंपनीकडे नंबर असतात, मतदार यादीत नावं असतात, पण चढत्या-उतरत्या दारांचा असा क्रम त्या दोघांकडे नसतो. तो फक्त जो माणूस गल्ली पायी फिरलाय त्याच्याकडे असतो. आणि तो महिन्याच्या आधी फिरून गेला होता.

मी शेजारणीला विचारलं, "इथे दारोदार कोण आलं होतं?"

"सर्वेवाल्या पोरी आलेल्या ना. गरिबी हटवायचा अभ्यास करणारी संस्था. चांगल्या होत्या, घरात बसून चहा प्यायल्या."

बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माज्याकडे कोण येवक नाय. त्या दिवशी मी तपासणीक हास्पिटलात होतंय. दाराक कुलूप होता." आणि माझ्याकडे असं पाहिलं की बघा, मी सांगत नव्हते? शेजारीण तेव्हा एकदम गप्प झाली. ते माझ्या लक्षात आलं, पण मी तो धागा त्या वेळी ओढला नाही.

संस्थेचा पत्ता साकीनाक्याचा निघाला, एका वर्कशॉपच्या वरचा गाळा. जेमतेम आठ महिने चाललेलं 'अभ्यास केंद्र' दीड महिन्यापूर्वी बंद झालं होतं. गाळ्यात एक फळा उरला होता आणि त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'गरीब माणूस काय म्हणतो ते आधी ऐका.' वॉचमनने सांगितलं की सामान टेंपोतून मुलुंडला गेलं. टेंपोवाला नाक्यावरचाच होता. तो आम्हाला सरळ मुलुंडच्या त्या इमारतीसमोर घेऊन गेला. वर एका मोठ्या पक्षाचा झेंडा फडकत होता. हवालदार म्हणाले, "लागली वाट."

केंद्राच्या संचालिकेला मी चौकशीला बोलावलं. चाळिशीची, शिकलेली, परदेशात राहून आलेली बाई. ती कांगावा करील, वकील आणील असं वाटलं होतं. ती एकटी आली.

"केंद्र कुणाचं होतं?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही. स्वतंत्र होतं."

"विश्वस्तांमध्ये तीन नावं आहेत. एक पक्षाच्या जिल्हा सरचिटणिसांचा मेहुणा, दुसरा त्यांचा स्वीय सहायक. तिसऱ्या तुम्ही."

तिने नावांचा कागद आपल्याकडे ओढून पुन्हा वाचला. अशा वेळी आपण बोलू नये, हे मी फौजदार असतानाच शिकलो होतो. खरं बोलायची इच्छा असलेल्या माणसाला शांतता फार वेळ सोसत नाही.

"फॉर्मची अकरा पानं मी केली होती," शेवटी ती म्हणाली. "धान्य, आजारपण, शाळा, काम. दोन वर्षांचा विचार होता त्यामागे. बारावं पान त्यांच्याकडून आलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, मॅडम, लोकांशी आपुलकीने बोलता यावं म्हणून."

बाराव्या पानावर तीन प्रश्न होते. घरात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात? ती कोण मारतं? ते माणूस तुम्हाला रोज काय विचारतं?

"तुम्हाला संशय आला नाही?"

"आला," ती म्हणाली. "पण उरलेली अकरा पानं मला हवी होती, साहेब."

आरोपींच्या तोंडून मी असंख्य सबबी ऐकल्यात. इतकी प्रामाणिक एकही नव्हती. मला तिचा राग आला आणि थोडी कीवही आली.

गुन्हा नोंदवून, पंच घेऊन आम्ही मुलुंडला गेलो. आतल्या खोलीत भिंतभर डोंगराचा नकाशा लावला होता. एकेक घर, एकेक दार. त्यावर कुणाचंही खरं नाव नव्हतं. ताई, अक्का, बेबी, माई. चौथ्या ओळीत वयनी. ती भिंत वाचताना मला वाटलं की आपण लोकांच्या घरात चोरून शिरलोय आणि ते जेवायला बसलेत.

कॉम्प्युटर सांभाळणारा तिशीतला माणूस घाबरून घडाघडा बोलला. आवाज यंत्राने तयार केलेला. सध्या फक्त चाचणी सुरू होती, हाक आणि प्रश्न, लोक किती वेळ फोन धरून ठेवतात ते मोजायचं. मत कुणाला द्यायचं ते शेवटच्या आठवड्यात सांगायचं होतं. "वयनी म्हणून एक आहेत सर," तो म्हणाला, "त्या फोन कधीच ठेवत नाहीत. बंद झाल्यावरही बोलत राहतात."

मी त्याच्या कानाखाली वाजवली नाही, याचं श्रेय पंचांना जातं.

वरून फोन यायचा तो आलाच. "निवडणुका आहेत, जपून." पक्षाने पत्रक काढलं की सदर केंद्राशी आमचा काहीही संबंध नाही. पण मला त्या क्षणी पक्षाचं पडलं नव्हतं. रविवार उजाडला होता.

मी कॉम्प्युटरवाल्याला हवालदारांच्या ताब्यात मुलुंडलाच बसवलं, सगळ्या हाका एकाच फोनवर ओळीने लावायला सांगितलं आणि स्वतः बाईंच्या खोलीत जाऊन बसलो. शेजारणीला बोलावून घेतलं. तीन वाजून दहा मिनिटांनी शेजारणीचा फोन वाजला. मी तिला स्पीकर लावायला सांगितलं.

"वयनी, पाणी आलं का?" तोच आवाज. लगेच पुढे म्हणाला, "ताई, डबा भरला का? अक्का, गोळी घेतली का?" एकामागून एक, सगळ्या गल्लीची नावं, एकाच मायेने.

बाईंचा चेहरा मी पाहिला. तो पाहायला नको होता. तपासात कधी कधी माणसाला सत्य दाखवावं लागतं आणि ते दाखवताना आपण चांगलं काम करतोय असं अजिबात वाटत नाही.

शेजारीण रडायला लागली. "मावशी, मीच सांगितलं गं. तुझं दार बंद होतं, पोरी म्हणाल्या बाजूचं पण तुम्हीच सांगा. सगळेच सांगतात ना एकमेकांचं."

मी जरा दरडावूनच विचारलं, "आणि मुलाच्या रकान्यात खोटी माहिती का भरलीस?" फॉर्मची प्रत माझ्या हातात होती.

"खोटी?" ती उसळली. "त्यांनी विचारलं, मुलगा कुठे असतो? हिच्याच उंबऱ्यावर बसून मी काय 'नाही' म्हणू? तुम्ही म्हणाल का, साहेब?"

बाईंनी डोळे पुसले आणि हात पुढे केला. "काय लिवलां हा?"

मी वाचून दाखवलं. "मुलगा, एक. हयात. नोकरीनिमित्त बाहेर."

त्यांनी ती ओळ कुठे आहे ते विचारलं आणि तिच्यावर बोट ठेवलं. बारा वर्षं त्या रेशन ऑफिसात, वॉर्डात, आमच्याकडे चकरा मारत होत्या. कुठे 'बेपत्ता' लिहिलं होतं, कुठे नाव कापलं होतं. तो हयात असल्याचा एवढाच एक कागद जगात होता.

"ह्यो कागद तुमच्याकडेच ऱ्हवतलो मां?"

"मूळ फॉर्म जप्त आहे. राहणार," मी म्हणालो.

"मगे जातंय मी उद्या," त्या म्हणाल्या, आणि पिशवी भरायला उठल्या.

ऑपरेशन नीट झालं. प्रकरण मात्र नीट झालं नाही. तपास माझ्याकडून काढून दुसऱ्या शाखेला गेला आणि निवडणुकीनंतर सी समरी झाली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. केंद्र बरखास्तच झालं होतं, तेव्हा उत्तर द्यायला कुणी उरलं नव्हतं. मुद्देमाल आमच्या ठाण्यात पडून होता. फॉर्म परत संस्थेला देऊ नयेत, लोकांची खाजगी माहिती आहे म्हणून नष्ट करावेत, असा अर्ज मीच कोर्टात दिला. त्या डोंगराला कुणी पुन्हा तशी हाक मारू नये एवढं तरी माझ्या हातात होतं. आदेश झाला. पंचांसमक्ष सगळे फॉर्म कागद कापायच्या यंत्रात घातले. चौथ्या ओळीतल्या घराचा फॉर्म आला तेव्हा माझा हात थांबला. पण मोजदाद लिहिली होती, त्यात एकही कमी पडून चालणार नव्हतं. मी तो आत सोडला आणि पंचनाम्यावर सही केली.

त्यानंतर चार दिवसांनी बाई ठाण्यात आल्या. डोक्यावरचे केस गेले होते, पदर घट्ट बांधला होता. बसल्या नाहीत, टेबलासमोर उभ्याच राहिल्या. एवढंच विचारलं, "सायबानु, कागद आसा मां?"

फिर्यादीला मी नोकरीत कधी खोटं उत्तर दिलं नव्हतं. त्या शेजारणीचा जबाब मी स्वतः लिहून घेतला होता, तिने दिलेली माहिती खोटी असल्याची नोंदही केली होती, आणि मनातल्या मनात तिला मूर्ख ठरवून मोकळा झालो होतो. कायदा शिकवतो, माणसाने विचारलं की खरं सांगावं. समोर कोण उभं राहून विचारतंय, ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही.

"आहे," मी म्हणालो. "कपाटात आहे."