एका बाजूचं इंजिन

मुलुंडच्या माझ्या खेळण्यांच्या दुकानात ती पहिल्यांदा आली, तेव्हा तिला फक्त मोडकी इंजिनं हवी होती. नाव मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिच्या लहानपणी कोकणात पॅसेंजर ओढणारं एक डिझेल इंजिन होतं. त्याचं मॉडेल कुठेच मिळत नाही, म्हणून दोन वेगळी इंजिनं कापून ती स्वतःच ते जुळवत होती. दर शनिवारी काम दाखवायला यायची. जेवणाच्या डब्यातून, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं इंजिन काढायची आणि बोलता बोलता नखांच्या कानशीने त्याचा सांधा घासत बसायची. गिऱ्हाईक खोळंबलं तरी मी तिला कधी ऊठ म्हटलं नाही.

"हे दिसलं की आई भाताला आधण ठेवायची," ती एकदा म्हणाली. आता तिथे विजेची इंजिनं धावतात.

एका शनिवारी इंजिन पुरं झालं. एकदम झकास! खिडक्या, जाळ्या, धुराने काळवंडलेला टपसुद्धा. मी कौतुकाने ते फिरवलं, तर दुसरी बाजू कोरी.

"ताई, ही बाजू राहिली ना!"

"राहिली नाही. घराच्या पायरीवरून मला एवढंच दिसायचं."

मी उत्साहाने मोबाइलवर त्याच इंजिनाचा पलीकडून काढलेला फोटो शोधला. तिने पडद्यावर तळहात ठेवला.

"माका नको, दादा. तिकडून बघितलं, तर आमचं घर इंजिनामागे लपतं."